रकाना सातवा : ओळख

नांदूरघाट, ता. केज
दि. ९ जून २०२५

विषय : केंद्रातील पाच जागा भरण्यासाठी संगणकीय साहाय्य मिळणेबाबत.

चि. तेजश्री, आशीर्वाद.

फोन न करता लिहीत आहे, त्याचे कारण सांगतो. हल्ली बोलता बोलता माझा आवाज मध्येच थांबतो आणि समोरच्यास वाटते की रेंज गेली. लिहिताना तसे होत नाही. तूही उत्तर लेखीच दे. ई-मेल चालेल, मी छापून फायलीत लावीन.

तुझी केशरमावशी गेल्याला दहा महिने झाले. आमचे दूध संकलन केंद्र चालू आहे. एकशे चाळीस घरे रोज दूध घालतात. ती होती तोवर दुधाची तपासणी तीच करी आणि माणसे निवडण्याचे कामही तिचेच होते. आलेल्या माणसाला ती दोन प्रश्न विचारी, एक गुरांविषयी आणि एक घराविषयी. मग 'उद्यापासून या' किंवा 'चहा घेऊन जा' यांपैकी एक वाक्य बोले. अठरा वर्षांत तिची निवड एकदाही चुकली नाही. मी नोंदवह्या लिहीत असे. माणूस वाचण्याची विद्या आमच्या बी.कॉम.ला नव्हती.

आता प्रश्न असा आहे. आपण ज्या कंपनीला दूध देतो ती येथे मोठे शीतकरण केंद्र उभारण्यास तयार आहे. तिची अट अशी की, ३१ जुलैपूर्वी पाच माणसे रीतसर जाहिरात देऊन आणि लेखी नोंदी ठेवून नेमावीत. आणि त्यांतील दूध तपासनीस कंपनीच्या प्रत्यक्ष तपासणीत टिकावा. हे न झाल्यास शीतकरण केंद्र युसूफ वडगावला जाईल. तसे झाले तर कंपनीची गाडी आपल्याकडे येणार नाही, म्हणजे आपले केंद्र बंद पडेल. ते तुझ्या मावशीने उभे केले आहे. बंद करणारा मी ठरू नये, एवढीच इच्छा आहे.

बातमी फुटताच शिफारशी सुरू झाल्या. आमच्या गटाचे पुढारी विजयसिंहराव स्वतः येऊन गेले. म्हणाले, "अण्णा, तपासनीस म्हनून आपला बजरंग घ्या. बाकीचे चार तुमच्या मनानं." बजरंग हा त्यांचा पुतण्या. दुधाशी त्याचा संबंध चहापुरता आहे.

छोट्या व्यावसायिकांना नोकरभरतीसाठी लागणारे सॉफ्टवेअर तुमची कंपनी तयार करते, असे तू मावशीच्या तेराव्याला आली असताना सांगितले होतेस. मला तेच हवे आहे. कोणालाही न ओळखणारे यंत्र हवे आहे.

तुझा,
त्रिंबककाका


पुणे
१२ जून २०२५

काका, नमस्कार.

घरच्या पत्रावर 'विषय' लिहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ती एक ओळ साहेबांना दाखवली (बाकी पत्र नाही, घाबरू नका). ते म्हणाले, "इतका शिस्तीचा ग्राहक मिळत नाही," आणि त्यांनी तुम्हाला दोन महिने विनामूल्य वापर मंजूर केला.

तुमचं खातं उघडलं आहे. करायचं ते असं. प्रत्येक जागा वेगळी नोंदवायची आणि तिच्या अटी लिहायच्या : शिक्षण किती, अनुभव किती, राहायला कुठे. सॉफ्टवेअर एक लिंक देईल. ती फलकावर लावा, गावच्या ग्रुपांवर टाका. माणसं नऊ रकान्यांचा अर्ज भरतील आणि सॉफ्टवेअर ते अर्ज तुमच्या अटींशी ताडून 'पात्र' आणि 'नाकारले' असे दोन गठ्ठे करेल. पात्रांना मुलाखतीचा निरोप जाईल. नाकारलेल्यांना तुमच्या सहीचं नम्र पत्र जाईल, तेही आपोआप.

एक मात्र लक्षात ठेवा. ते अटी पाळतं, विचार करत नाही. अट वाकडी असली की निवडही वाकडी.

अर्जाचं मराठी मी काल रात्री बसून स्वतः केलं आहे. कॉलेज सोडल्यापासून इतकं मराठी लिहिलं नव्हतं, त्यामुळे चुका दिसल्या तर लाल पेनानं कळवा. आणि जेवत जा वेळेवर.

तुमची,
तेजश्री


नांदूरघाट
दि. २४ जून २०२५

विषय : सॉफ्टवेअरच्या मते गावात एकच माणूस राहतो, याबाबत.
संदर्भ : तुझे दि. १२ चे पत्र.

चि. तेजश्री, आशीर्वाद.

जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. चौदा तारखेला संकष्टी असल्याने लिंबागणेशला जाऊन मंदिराबाहेरच्या पानाफुलांच्या दुकानावरही एक कागद चिकटवून आलो. दहा दिवसांत एकसष्ट अर्ज आले. मी समाधानाने यंत्र उघडले. त्यावर लिहिले होते : 'एकूण उमेदवार : १. पुनरावृत्ती : ६०.'

चौकशीअंती असे आढळले की, सर्व अर्ज बसस्टँडजवळच्या जीवनच्या ऑनलाइन सेवा केंद्रातून भरलेले होते आणि सर्वांवर मोबाइल क्रमांक जीवनचाच होता. मी त्यास विचारले, "जीवन, साठ माणसांचा एक क्रमांक कसा?"

तो म्हणाला, "अण्णा, ओटीपी येतो ना! निम्म्यांचे फोन रानात, निम्म्यांचे चार्जिंगला. कुनाकुनाला आकडा इचारत बसू?"

"मग निवडीचे पत्रही तुलाच येईल."

"येऊ द्या की! पाचबी जागा मीच घेतो. घरी सांगतो, एका दमात पाच नोकऱ्या लागल्या."

त्यास समोर बसवून सर्व क्रमांक दुरुस्त करून घेतले. आता उमेदवार एकसष्ट दिसतात.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. तुझ्या अर्जातील सातव्या रकान्याचे नाव 'ओळख' असे आहे. तुझ्या मनात बहुधा ओळखपत्राचा क्रमांक असावा. परंतु येथे नोकरीच्या अर्जावर 'ओळख' हा शब्द वाचला की माणूस एकच अर्थ घेतो. एकसष्टपैकी सत्तावन्न जणांनी तेथे पुढाऱ्यांची नावे लिहिली आहेत. कोणी माजी सभापती लिहिले, कोणी 'आमदारसाहेबांचे ड्रायव्हर'. एकाने लिहिले आहे, 'तुम्हीच की अण्णा.' आणि एकाने, 'कोणाचीच नाही, तरी घ्यावे ही विनंती.'

शब्द शुद्ध आहे. लाल पेन लावता येत नाही. काय करावे, ते कळव.

तुझा,
त्रिंबककाका


पुणे
२७ जून २०२५

काका, नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डब्यातली आमटी नाकात गेली. 'आमदारसाहेबांचे ड्रायव्हर' आता आमच्या ऑफिसात म्हण झाली आहे.

चूक माझी. मला ओळखपत्र क्रमांकच हवा होता. पण भरती चालू असताना रकाना बदलला तर आधीचे अर्ज बाद होतात, म्हणून नाव तसंच ठेवते आणि सॉफ्टवेअरला सांगते की सातवा रकाना वाचूच नकोस. कोणी तिथे साक्षात इंद्राचं नाव लिहिलं तरी यंत्राला दिसणार नाही. ओळखपत्र मुलाखतीच्या वेळी हातात घेऊन बघा.

आणखी एक. तुम्ही चारच जागा नोंदवल्या आहेत : मापाडी, कॅन धुणारा, दूध थंड करणारा कूलर चालवणारा आणि संगणकावर नोंदी करणारी व्यक्ती. पाचवी, तपासनीसाची, राहिली. उजव्या कोपऱ्यात 'नवीन जागा' असं हिरवं बटण आहे, ते नजरेतून सुटलं असेल. कितीतरी लोकांचं सुटतं. ते दाबा, पुढचं आपोआप येईल.

तुमची,
तेजश्री


नांदूरघाट
दि. ५ जुलै २०२५

विषय : चार जागा भरल्याबाबत व पाचवीविषयी.
संदर्भ : तुझे दि. २७ जूनचे पत्र.

चि. तेजश्री, आशीर्वाद.

चार जागा भरल्या. चौघेही रुजू झाले. कोणाचीही शिफारस चालली नाही, आणि हे आमच्या गटात प्रथमच घडले असे जुनी माणसे म्हणतात. संगणकावर ऋतुजा नावाची मुलगी आहे; तिने पहिल्याच दिवशी माझ्या नोंदवहीतील बेरजेची एक चूक दाखवली. चूक खरी होती.

बटण मला पहिल्या दिवशीच दिसले होते. तू म्हणालीस म्हणून २८ जूनला दाबले. अटी काळजीपूर्वक लिहिल्या : दुग्धशास्त्रातील पदवी, किमान दहा वर्षांचा अनुभव, नांदूरघाट परिसरात वास्तव्य, पहाटे साडेचारला हजेरी, आणि वर्षभरात एकही रजा न घेण्याची तयारी. तेवीस अर्ज आले. पात्र शून्य. तेवीस जणांना माझ्या सहीचे नम्र पत्र गेले, त्यांत बजरंगही होता.

काल सकाळी विजयसिंहराव चार माणसे घेऊन आले. संभाषण जसेच्या तसे देतो.

"अण्णा, आपल्या बजरंगला कावून नाकारलं?"

"मी नाही नाकारले. सॉफ्टवेअरने नाकारले."

ते सोबतच्या माणसाकडे वळले. "कोन हाय बे ह्यो सॉफ्टवेअर? कुठल्या गावचा?"

"पुण्याचा असंल, साहेब. आपल्याकडं ह्या नावाचं कुनी न्हाई."

"मग त्याच्या वर कोन हाय त्ये सांगा अण्णा. फोन लावतो."

मी म्हणालो, "त्याच्या वर माझी भाची आहे."

त्यांनी काढलेला फोन पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाले, "भाची व्हय? मंग घरातलंच हाय की! आमी उगाच परकं समजलो." चहा घेऊन गेले. प्रकरण मिटले असे मात्र समजू नये.

पाचव्या जागेसाठी पात्र उमेदवार उपलब्ध नाही, हे आता यंत्रानेच सिद्ध केले आहे. दहा महिने दूध तपासण्याच्या यंत्रावरचा फॅटचा आकडा पाहून मी स्वतः लिहीत आहे, तसेच पुढेही लिहीन. सबब ती जागा तूर्त रिक्त ठेवत असल्याचे कंपनीस कळवावे, असा विचार आहे.

तुझा,
त्रिंबककाका


पुणे
८ जुलै २०२५

काका,

बटण सुटलं असेल, असं मला वाटलं. माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा.

तुमच्या अटी मी चार वेळा वाचल्या. नांदूरघाटला राहणारी, पहाटे साडेचारला हजर होणारी, वर्षात एकही रजा न घेणारी. काका, ही जाहिरात नाही. हे मावशीचं वर्णन आहे. आणि तिच्यापुढे पदवीची भिंत तुम्ही यासाठी घातलीत की दुसरं कोणी आत येऊ नये.

मग मी एक गोष्ट केली. रागावलात तरी चालेल. चाचणीसाठी आम्ही खोटे अर्ज भरतो, तसा एक मावशीच्या नावानं भरला. नाव : केशर. वास्तव्य : नांदूरघाट. अनुभव : अठरा वर्षं. रजा : आजारी पडेपर्यंत एकही नाही. शिक्षण : नववी पास.

निकाल आला तीन सेकंदांत. 'नाकारले.'

तुमच्या सहीचं नम्र पत्रही तयार झालं. पाठवण्याआधी मी थांबवलं. ते मला वाचवेना.

जागा रिक्त ठेवलीत तर कंपनी केंद्र युसूफ वडगावला नेईल, हे तुम्हीच लिहिलं होतंत. मावशीची खुर्ची राखण्यासाठी मावशीचं केंद्र घालवणार का? तिला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मी सांगायची गरज नाही.

नाकारलेले तेवीस अर्ज तुमच्या फायलीत आहेत. ते यंत्रानं वाचलेत. तुम्ही वाचा. सगळे रकाने वाचा.

तेजश्री


पुणे
१५ जुलै २०२५

काका, नमस्कार.

आठ दिवस झाले, उत्तर नाही. मी जरा जास्तच बोलले. आईनंही पत्र वाचून कान उपटले. म्हणाली, "अजून वर्ष झालं नाही, आणि तू त्यांना शिकवतेस?"

पण पंधरा-सोळा दिवसच उरलेत. रागाचं का होईना, एक पत्र पाठवा. 'विषय : तुझ्या उद्धटपणाबाबत' असं असलं तरी मी जपून ठेवीन.

तुमची,
तेजश्री


नांदूरघाट
दि. १९ जुलै २०२५

विषय : पाचव्या जागेवरील नेमणूक.
संदर्भ : तुझे दि. ८ चे पत्र.

चि. तेजश्री, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र छापले, घडी घातली आणि पाच दिवस उघडले नाही. सहाव्या दिवशी उघडले. तुझे म्हणणे सप्रमाण आहे. प्रतिवाद करता येत नाही. तुझ्या आईस सांग, मुलीचे कान आता सोडावेत.

त्यानंतर तेवीस अर्ज वाचले. सतरावा अर्ज पुढीलप्रमाणे होता. नाव : बायडाबाई धुळाजी. वय एकेचाळीस. शिक्षण सातवी पास. व्यवसाय : मेंढरं, चार म्हशी. अनुभवाचा रकाना कोरा. आणि सातवा रकाना, जो वाचू नये असे आपण यंत्रास बजावले होते, त्यात असे लिहिले होते :

'ओळख : म्हशीचं, गाईचं, शेळीचं दूध वासावर ओळखते. शिळं ओळखते. पाणी ओळखते. माणूस ओळखायला वेळ लागतो.'

मी ते तीनदा वाचले. तेवीस जणांत हा शब्द योग्य अर्थाने वाचणारी ती एकटी निघाली.

मुलाखतीस ती नवऱ्यासह आली. धुळाजी काठी टेकून दाराशीच उभे राहिले. मी रीतसर सुरुवात केली.

"अनुभव किती?"

"कशाचा?"

"दुधाचा."

"जलमल्यापास्नं."

"मग रकाना कोरा का सोडला?"

"जीवनदादा म्हनला, सर्टिफिकेट हाय का? म्हनलं, न्हाई. तर त्यो म्हनला, मंग कोरा सोड."

"आणि सातव्या रकान्यातले?"

"त्यो म्हनला, वळख सांग. आता दुधाचं काम हाय म्हनल्यावर, काय वळखतीस आसंच इचारलं आसंल की! कुनाला वळखतीस ह्ये इचारून दुधात काय फरक पडतो?"

दाराशी धुळाजी म्हणाले, "लई बोलती. पर खोटं बोलत न्हाई."

मी पाच वाट्या भरून ठेवल्या होत्या. तिने प्रत्येक वाटी नाकाशी धरली आणि पहिल्या चार बिनचूक सांगितल्या. पाचवीत मी पाणी घातले होते. ती हुंगून म्हणाली, "ह्यात पानी हाय. आन पानी बोरचं हाय, खारट. नळाचं घालायचं हुतं, अण्णा, मी फसले आसते." यावर धुळाजी इतके मोठ्याने हसले की बाहेरच्या म्हशी बिथरल्या.

त्यानंतर तपासणीच्या खोलीचे कुलूप मी उघडले. तुझी मावशी गेल्यावर फॅटचे यंत्र मी बाहेरच्या ओट्यावर आणून ठेवले होते; त्या खोलीत गेलो नव्हतो. खुर्ची होती तशीच होती. बायडाबाई उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, "खुर्ची ऱ्हाऊ द्या तशीच. केशरबाईची हाय, मला ठावं हाय. मला हुभं ऱ्हाऊन जमतं."

मी म्हणालो, "दिवसाला एकशे चाळीस कॅन उभे राहून तपासता येत नाहीत." आणि खुर्ची पुसून तिच्यासाठी पुढे ओढली. हे वाक्य लिहायला सोपे आहे.

निवड नोंदवताना सॉफ्टवेअरने विचारले, 'अट शिथिल करण्याचे कारण?' मी लिहिले, 'अट लिहिणाऱ्याची मनःस्थिती ठीक नव्हती.' त्याने ते स्वीकारले.

विजयसिंहरावांना मी स्वतः जाऊन कळवले. ते म्हणाले, "सातवी पास? कंपनीच्या मॅडम तिला उभी करतील का? तीस तारखंला तपासनीला मी सोता येतो बघायला. ती नापास झाली की बजरंग. ठरलं?" मी म्हणालो, "ती नापास झाली तर केंद्रच राहणार नाही. बजरंग कोठे बसेल?" यावर ते चहा मागवून दुसऱ्या विषयाकडे वळले. पण मला झोप नाही.

तुझा,
त्रिंबककाका


पुणे
२२ जुलै २०२५

काका, नमस्कार.

'हे वाक्य लिहायला सोपे आहे' इथे मी बराच वेळ थांबले. मग आईला वाचून दाखवलं. उठून तिनं चहा केला आणि तुमच्या नावचा एक कप जास्त केला.

आता कामाचं. कंपनीचे लोक नाकावर विश्वास ठेवणार नाहीत. बायडाबाईंना यंत्रावर फॅट काढणं, आकडे वाचणं, नमुन्याची बाटली लावणं, सगळं आठ दिवसांत पक्कं करून घ्या. ऋतुजाला शेजारी बसवा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : परीक्षेच्या दिवशी तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुम्हाला सवय आहे, वाक्य दुरुस्त करायची.

तपासणीनंतर लगेच कळवा. विषय, संदर्भ नसला तरी चालेल.

तुमची,
तेजश्री


नांदूरघाट
दि. ३१ जुलै २०२५

विषय : माझे दूध परत गेल्याबाबत.

चि. तेजश्री, अनेक आशीर्वाद.

विषय पाहून घाबरू नये. क्रमाने सांगतो.

काल सकाळी सहा वाजता कंपनीच्या अधिकारी राजनंदिनी मॅडम आल्या. त्यांनी चार नव्या माणसांची कामे पाहिली, तुझ्या सॉफ्टवेअरमधील नोंदी पाहिल्या, आणि म्हणाल्या की इतकी स्वच्छ भरती त्यांनी बीड जिल्ह्यात पाहिली नव्हती. मग त्या तपासणीच्या खोलीत जाऊन बायडाबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या. बाहेर रांग नेहमीची असली तरी कोणी दूध घालून घरी जात नव्हते. विजयसिंहराव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि मागे बजरंग, इस्त्रीच्या कपड्यांत.

पहिले तीस कॅन निर्वेध गेले. बायडाबाई झाकण उघडी, हुंगी, मग नमुना यंत्राला लावी. यंत्राचा आकडा आणि तिचा अंदाज यांत फरक पडला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावरची शंका हळूहळू उतरू लागली.

एकतिसाव्या कॅनचे झाकण तिने उघडले आणि लगेच बंद केले. "ह्ये दूध माघारी."

मॅडमनी नमुना स्वतः यंत्रास लावला. फॅट सहा पूर्णांक आठ. बाकी आकडेही उत्तम. "अहो, मशीन तर पास म्हणतंय."

"मशीनला नाक न्हाई, मॅडम."

"केवळ वासावर दूध परत करता येत नाही, बाई. कारण लिहावं लागतं."

"मंग उकळून बघा."

बाहेर कुजबुज वाढली. विजयसिंहराव खुर्चीवरून उठले. मॅडमनी परीक्षानळीत थोडे दूध घेतले आणि उकळत्या पाण्यात धरले. पाच मिनिटे सर्वांची नजर नळीवर होती. मी तुझ्या सूचनेप्रमाणे मध्ये बोललो नाही. खरे तर मला बोलताही आले नसते, कारण कॅनवरचा क्रमांक मला दिसत होता.

दूध फाटले. नळीच्या काचेला कण चिकटलेले सर्वांनी पाहिले.

मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळचं दूध सकाळच्यात मिसळलंय. कोणाचा कॅन आहे हा?"

रांगेतून कोणीतरी ओरडले, "अगं बाई, क्रमांक एक हाय त्यो! अण्णाचाच कॅन हाय!"

होय. क्रमांक एकचा दूध उत्पादक मीच आहे. घरी एक म्हैस आहे.

सगळे बायडाबाईकडे पाहू लागले. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला नेमले होते. ती जागेवरून हलली नाही. तिने पाटीवर क्रमांक एकपुढे 'परत' असे लिहिले, सातवीच्या मोठ्या, गोल अक्षरांत. मग मला म्हणाली, "अण्णा, भांडंबी नीट धुतलेलं न्हाई. झाकनाच्या कडेला साय वाळलीया. घरी कुनी न्हाई का धुवाया?"

रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. ती स्वतःही दचकली, तोंडावर पदर धरला. गेल्या अकरा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सर्व जण त्याला वळसा घालून जात. मी म्हणालो, "नाही. कोणी नाही." आणि पाहा, आवाज मध्ये थांबला नाही.

"मंग मला इचारायचं," ती म्हणाली. "कोमट पानी, मूठभर सोडा, आन उनात पालथं. केशरबाईनं माझं दूध दोन डाव माघारी धाडलंतं, तवा शिकले मी. लई राग आलता. आता तुमी शिका."

मी कॅन उचलला आणि एवढ्या रांगेतून परत निघालो. धुळाजी काठी आपटत म्हणाले, "मालकाचंच दूध माघारी गेलं म्हनल्यावर आता आमची काय बिशाद!" आणि कोठूनतरी हसू सुरू झाले, ते रांगेच्या टोकापर्यंत गेले. तेजश्री, मीही हसलो. कॅन हातात हिंदकळत होता, धोतरावर दूध सांडत होते आणि मी सर्वांदेखत हसत होतो. आपला पराभव आपणच भर चौकातून वाहून नेत असता इतका अभिमान वाटू शकतो, हे मला माहीत नव्हते.

मॅडमनी शेरा लिहिला, त्याची प्रत फायलीत लावली आहे : 'दूध तपासनीस अत्यंत समाधानकारक. मालकाचे दूध नाकारले. शीतकरण केंद्र नांदूरघाट येथेच उभारण्यास मंजुरी.' खाली शिक्का आणि सही. वाचून दाखवताच पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी लगेच पेढे आणायला पळाले.

विजयसिंहराव जाताना बायडाबाईस म्हणाले, "बाई, मानलं तुमाला." मग वळून म्हणाले, "बजरंग, उद्यापास्नं आपलं भांडं उनात वाळवून आनत जा बे. हितं आता कुनाची गय न्हाई." बजरंगने मान हलवली. इस्त्री उतरली होती.

शीतकरण केंद्राचा मोठा कूलर घेऊन गाडी ११ ऑगस्टला येणार आहे. तू त्या दिवशी ये. आईलाही आण. तुझ्या साहेबांना कळव की, दोन महिने संपल्यावरही आम्ही सॉफ्टवेअर ठेवणार आहोत. मात्र सातवा रकाना यापुढे यंत्राने वाचला नाही तरी मी वाचीन.

काल दुपारी कॅन धुतला. कोमट पाणी, मूठभर सोडा, आणि अंगणात पालथा. आज सकाळी पुन्हा रांगेत उभा राहिलो, माझ्या पुढे बारा माणसे होती. बायडाबाईने माझे झाकण उघडले, हुंगले, नमुना लावला आणि वर न पाहता म्हणाली, "फॅट सात पूर्नांक दोन. घ्या वतून. पुढचा कोन हाय?"

तुझा,
त्रिंबककाका
दूध उत्पादक क्र. १